फाटकावरचा वेलगुलाब

बायनाबाईंनी गुलाब मागितला तेव्हा सगळ्यांत आधी प्रफुलला आनंद झाला, आणि सरिताच्या मनात तिथंच पाल चुकचुकली. आईच्या मागणीवर इतक्या झटकन खूश होणाऱ्यांतला तिचा नवरा नव्हता.

"कोन्ता गुलाब, माय?"

"वर चढते तो. येलावानी. लोकाइच्या फाटकावर राह्यते ना, तसा."

"मंग घेऊ ना! आमच्या क्वार्टरच्या वरांड्याले मस्त चढन. सरिता, आताच घेऊन जाय मायले भद्रावतीले. माय, तुले जो आवडन तो घे. एक काऊन, दोन घे!"

बायनाबाई हो म्हणाल्या नाहीत आणि नाहीही म्हणाल्या नाहीत. अंगणात सुपात पोपटवालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या, तशाच सोलत राहिल्या. न बोलायची ही कला त्यांनी यंदा फारच वाढवली होती. सावरखेडी गाव शेजारच्या कोळशाच्या खाणीत जाणार हे नक्की झालं, गावात सभा झाल्या, मोर्चे झाले, मोर्चेवाले सभेत आणि सभेवाले मोर्चात गेले, पण नवऱ्याच्या, देवरावांच्या मागे ज्यांच्या नावावर हे घर आणि शेत होतं त्या बायनाबाईंनी अजून तोंडातून शब्द काढला नव्हता. मंगळवारी मोजणीवाले येणार होते. त्याआधी आईची संमती हातात असावी म्हणून दोघं भाऊ जीव टाकत होते. धाकट्या हेमराजला जमिनीमागे मिळणारी खाणीतली नोकरी हवी होती, आणि वीजकेंद्रात नोकरी करून ऊर्जानगरच्या क्वार्टरात राहणाऱ्या थोरल्या प्रफुलला हे प्रकरण एकदाचं मिटलेलं हवं होतं. सरिताला काय हवं होतं ते कुणी विचारलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिनंही स्वतःला विचारलं नव्हतं.

प्रफुल तिला घरामागे घेऊन गेला. "आयक. झाड आपल्या क्वार्टरात लागलं ना, का माय त्याच्यामागं आपोआप येते. पाणी घालाच्या बहान्यानं का होईना. तू रस्त्यानं तिले जरा समजव."

"मी काऊन? माय तुमची हाय."

"तुयं आयकते ते."

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच सरिता दर वेळी कामाला लागत होती. हेमराजच्या लग्नात पंगती थांबल्या तेव्हा मध्यस्थीला सरिता. दोघा भावांनी वर्षभर अबोला धरला तेव्हा निरोप्या सरिता. या घरात ती सून म्हणून आली आणि वकील होऊन बसली, तेही बिनपगारी. ती स्कुटीची किल्ली घ्यायला आत गेली.

अंगणातून स्कुटी काढणं सोपं नव्हतं. हेमराजनं सगळं अंगण आंब्याच्या रोपांनी भरून टाकलं होतं. झाडं मोजली जातात, फळझाडाला वेगळी भरपाई मिळते, एवढं कळल्यापासून सावरखेडीत घरोघरी फळबागा उभ्या राहत होत्या. भर थंडीत, हातहातभर अंतरावर. देशमुखांच्या ओसरीसमोर तर फणस आणि लिंबू एकाच खड्ड्यात नांदत होते. हेमराजचे आंबे पुंजाण्यात रचलेल्या धानाच्या पेंढ्यांसारखे खांद्याला खांदा लावून उभे होते आणि त्यातले निम्मे मान टाकून बसले होते.

"वहिनी, सांभाळून! मेला तरी मंगळवारपर्यंत उभा राह्यला पाह्यजे," हेमराज ओरडला.

मागे बसलेल्या बायनाबाई एवढ्यावर हसल्या, आणि त्यांचं ते हसणं सरिताला काही बरं वाटलं नाही.

नर्सरी वरोऱ्याच्या रस्त्याला होती. मालक लच्छू हा मोठा बोलघेवडा माणूस. गुलाबाविषयी त्याला किती कळत होतं देव जाणे, पण गिऱ्हाइकाला काय हवंय हे त्याला गिऱ्हाइकाच्या आधी कळलेलं असायचं.

"क्वार्टरले पाह्यजे ना, मॅडम? मंग हा घ्या. कुंडीत राह्यते, कमरेएवढा होते, काटे बी नाई. ऊर्जानगरात माह्याकडून हाच जाते."

"कमरेएवढा होते तं चढते कुठी तो?" बायनाबाईंनी विचारलं.

लच्छूनं म्हातारीकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. मग त्यानं त्यांना मागच्या जाळीपाशी नेलं. तिथं वेलगुलाबांच्या पिशव्या रांगेनं मांडल्या होत्या आणि दर पिशवीच्या गळ्यात फुलाचं चित्र अडकवलेलं होतं. झाडाला म्हणाल तर दोन काड्या आणि चार पानं. चित्रावर भरवसा ठेवून घ्यायचा मामला. लाल होता, थाळीएवढ्या फुलाचा, पण वास नावालाही नाही. पिवळा होता, तो उन्हाळ्यात पांढरा पडतो असं लच्छूनंच कबूल केलं. घोसाघोसानं येणारा फिका गुलाबी होता, वर्षाकाठी एकदाच फुलणारा. शेवटी एक पांढरा होता, त्याच्या काड्यांवर काटेच काटे.

"सगळ्यात वर कोन्ता जाते?"

"जाते तो पांढराच. छपरावर जाऊन पलीकडं उतरते. पन आजी, तो तुमच्या कामाचा नाई. त्याले कुंडी चालत नाई, जमीनच लागते. एक वर्स तं नुसत्या काड्या पसरवते, फूल पाहाले दुसरं वर्स लागते."

"लागू दे. मले घाई नाई."

सरिता पुढे झाली. "आई, पांढरा नका घेऊ. आपल्याकडं कोळसा किती उडते! सकाळी उमललं का संध्याकाळलोक काळं. लाल घ्या, लालावर दिसत नाई."

हे सरिता अनुभवानं बोलत होती. ऊर्जानगरात राख आणि सावरखेडीत कोळसा, या दोन धुळींच्या मधे तिचा संसार झाला होता. पडदे चॉकलेटी, चादरी निळ्या, साड्या गडद. मळखाऊ आहे का, हे विचारल्याशिवाय तिनं लग्नानंतर एक कापड घेतलं नव्हतं.

"दिसू दे ना," बायनाबाई म्हणाल्या. "दिसलंच पाह्यजे."

मग त्या तिथल्याच एका उलट्या कुंडीवर बसल्या आणि त्यांनी सुनेकडे सरळ पाहिलं.

"प्रफुलनं तुले मले पटवाले धाडलं ना?"

सरिताला खोटं बोलता आलं असतं. तिला लाज वाटली. "हो."

"मंग पटव. मी बसून राह्यली."

सरिताला पटवणं भाग पडलं. चोवीस तास नळ आहे म्हणाली. दवाखाना चालत जायच्या अंतरावर आहे. कॉलनीत विहार आहे, बायांची वंदना असते, सोबत मिळेल. ब्लास्टिंगनं भिंती हलत नाहीत, रात्री झोप लागते. यातलं काहीच खोटं नव्हतं. बोलता बोलता तिचं तिलाच जाणवलं की आपण क्वार्टर दाखवायला आलेल्या बाबूसारखं बोलतोय.

"आन् जमीन?"

"समोर वाफा हाय ना, आई."

"त्याच्यात तू काय लावलं?"

वाफ्यात तिनं काहीच लावलं नव्हतं. क्वार्टरमधली माणसं जमिनीत लावत नाहीत, डब्यात लावतात. रंगाचे डबे, तेलाचे डबे, फुटक्या बादल्या. बढती झाली की मोठं क्वार्टर, मग डबे उचलायचे आणि निघायचं. लग्न होऊन आली तेव्हा हा रिवाज तिला माहीत नव्हता. पहिल्या क्वार्टरच्या दारात तिनं जाई लावली होती, जमिनीत. ती खिडकीपर्यंत गेली, फुलली, आणि प्रफुलला बढती मिळाली. नंतर उगाच एक दिवस त्या रस्त्यानं गेली तर जाईच्या जागी मोटारसायकलसाठी पत्र्याची शेड होती. तेव्हापासून डबे. आता प्रफुल रिटायर होईल, तेव्हा त्या डब्यांनाही जागा राहणार नाही.

"तुयं क्वार्टर तुयं नाई, पोरी," बायनाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मऊ होता, पण शब्द मऊ नव्हते. "आन् मले तिथी नेऊन बसवता. मी जनमभर पोटाचंच लावलं. तूर लावली, मिरची लावली, शेवगा लावला. विकाले नाई तं खाले. आता एक बिनकामाचं झाड लावतो म्हनलं, तं त्याच्यातबी तुमाले काम दिसलं."

सरिताच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला सासूचा रागही आला, कारण असं काही ऐकल्यावर माणसाला घरी जाऊन पूर्वीसारखं वागता येत नाही.

"तुले कोन्ता आवडते?"

"मले?"

"नाई तं का लच्छूले?"

सरिता जाळीजवळून फिरली. पिशव्यांवरची चित्रं तिनं पाहिलीच नाहीत. नर्सरीच्या पाण्याच्या मोटारघराच्या भिंतीवर एक जुना वेल चढला होता, गडद गुलाबी, वाकड्यातिकड्या फांद्यांचा. फुलं फार मोठी नव्हती. तिनं एक ओढून नाकाशी धरलं आणि तसंच धरून ठेवलं. चित्रातल्या थाळीएवढ्या फुलांना तो वास कधी जमला नसता.

"याचं रोप हाय का?"

"हाय, पन त्याले कोनी नेत नाई, मॅडम. काटे लय."

"असू दे," सरिता म्हणाली.

परत आल्या तेव्हा दुपार कलली होती. दोन्ही पिशव्या उतरवून बायनाबाईंनी पदर खोचला, लोखंडी सब्बल घेतली आणि फाटकाच्या दोन्ही अंगांचे आंबे उपटायला सुरुवात केली. सरिता बघत उभी राहिली नाही. तिनं फावडं आणलं.

हेमराज जेवता जेवता उठून धावला, हात खरकटा. "आई! अवो आंबा होय तो!"

"तू याले मोठा कराले लावला का मोजाले?"

"मोजालेच लावला! मंग? सगळं गाव लावून राह्यलं! आन् गुलाब कोन मोजते? मोजणीच्या कागदावर गुलाबाचं नावच नाई!"

"म्हनूनच लावतो." बायनाबाईंनी सब्बलवर भार दिला. "घर मोजन, हीर मोजन, शेवगा मोजन. या अंगणात एक तरी असं पाह्यजे ज्याले कोनी हात लावून भाव नाई सांगनार."

उत्तर आलं ते हेमराजकडून नाही, त्याच्या बायकोकडून, कुंताकडून. ती दारात उभी होती आणि तिचा आवाज चढलेला नव्हता. "आई, तुमाले अंगण दिसते. मले घर दिसते. ब्लास्टिंग झाली का माह्या हातातलं भांडं पडते. हिरीचं पाणी गाळलं तं फडकं काळं होते. सोनू रात्री दचकून उठते. मले जाचं हाय इथून. मी गुलाबाले पाणी नाई घालनार, आताच सांगून ठेवतो."

कुंता खोटं बोलत नव्हती, आणि बायनाबाईंनीही तसं म्हटलं नाही. "तू जाय, पोरी," त्या म्हणाल्या. "तुले जाचं असन तं जाय, मी अडवत नाई. मले कोनी उचलून नेऊ नका, एवढंच."

इतक्यात रस्त्यानं जाणारी शेजारीण सत्यशीला फाटकाशी थांबली. फळबागेच्या शर्यतीत तिचं घर सगळ्यांत पुढे होतं. उपटलेले आंबे, दोन खड्डे आणि दोन गुलाब पाहून तिचे डोळे बारीक झाले.

"मावशी, आंबा काढून गुलाब? काऊन बरं?"

"असंच."

"असंच कसं? काई आयकलं का तुमी? प्रफुलभाऊनं काई खबर आनली का?"

"अवो बाई, गुलाब मोजत नाई. एक पैसा भेटत नाई त्याचा. मले पाह्यजे म्हनून लावला."

बायनाबाईंनी हे मोठ्यांदा आणि स्वच्छ सांगितलं, आणि तिथंच घोळ झाला. सावरखेडीत त्या दिवसांत एखादा खरं बोलला की लोकांना त्यात डाव दिसायचा. सत्यशीला भराभर निघून गेली. थोड्या वेळानं तिचा नवरा मोटारसायकल घेऊन भद्रावतीकडे जाताना दिसला. त्याच्यामागे देशमुखांचा मुलगा. मग हेमराजचा फोन वाजला, आणि बोलता बोलता त्याचा चेहरा पालटला.

"वहिनी," तो सरिताजवळ येऊन हळूच म्हणाला, "लोक म्हनते फुलबागेचा भाव येगळा हाय. खरं हाय का? एकच सांगा, कोन्त्या नर्सरीतून आनले?"

"भाऊजी, आईनं आता तुमच्यासमोरच सांगतलं ना."

"ते तं सत्यशीलाबाईले सांगतलं! मले सांगा!"

सरिता इतकी हसली की तिला फावड्यावर टेकावं लागलं. हेमराज रागावला, आत गेला, शर्ट बदलून बाहेर आला आणि तोही गेला. जाताना उरलेल्या आंब्यांना जपून पाय ठेवत गेला.

एवढा वेळ प्रफुल खाटेवर बसून होता. याचा अर्थ तो शांत होता असा नव्हे. पांढऱ्याची मुळं खड्ड्यात बसवून बायनाबाई माती ओढत होत्या तेव्हा तो उठला आणि सरिताच्या गुलाबाची पिशवी त्यानं हातात घेतली.

"एक तुयं झालं, माय. लावलं ना तू, खूश? हा मी घेऊन जातो. सरिता, चाल. पाच वाजले, मले रात्रपाळी हाय."

"तो ठेवा," सरिता म्हणाली. "माहा हाय तो."

"तुयाच हाय ना. डब्यात लावू घरी."

"डब्यात नाई."

"मंग वाफ्यात लाव."

"वाफ्यातबी नाई. इथी लावतो."

प्रफुलनं आवाज खाली आणला. बायको ऐकत नाही असं आईसमोर दिसलं की तो नेहमी आवाज खाली आणत असे. "तुले समजते का तू काय करून राह्यली? दोन दिवसानं इथी पट्टी लागन. वर्सा-दोन वर्सात मशीन येईन. सगळं खांदून टाकन. या झाडाले फूल यायच्या आधी त्याच्याखालची माती खाणीच्या डोंगरावर जाईन."

"मंग मशीनले काटे लागन."

हे आपण बोललो याचं सरितालाच आश्चर्य वाटलं. बायनाबाईंनी मान वर केली नाही, पण त्यांचे हात थांबले.

"बरं," प्रफुल म्हणाला, "लाव. पानी कोन घालन? कुंतानं नाई म्हनलं. मायचा गुडघा चालत नाई. तू ऊर्जानगरातून नळी टाकशीन का?"

मुद्दा बिनतोड होता. सरितानं उत्तर शोधायला डोकं चालवलं नाही. ते तिच्याकडे दुपारपासून तयारच होतं, फक्त तोंडावर आलं नव्हतं.

"मी इथी राह्यतो."

"म्हंजे?"

"म्हंजे राह्यतो. आईजवळ. मोजणीवाले आले तरी राह्यतो, मशीनवाले आले तरी राह्यतो. आई जवा म्हनन जाऊ, तवा जाईन."

"आन् मी?"

या दोन शब्दांत प्रफुलच्या आवाजातला साहेब गळून पडला. सरिताला त्याची कीव आली. माणूस वाईट नव्हता. त्याला रोज डबा लागायचा, रात्रपाळीहून आला की दाराशी चप्पल सरळ ठेवलेली लागायची, आणि संसार म्हणजे उचलता येण्याजोगे डबे अशी त्याची मनापासून समजूत होती. तिला रडू आलं असतं तर ती रडली असती. पण तिला आत कुठंतरी आनंद झाला होता, अगदी उघडा, निलाजरा आनंद, आणि तो लपवायची तिची इच्छा नव्हती.

"तुमी या ना," ती म्हणाली. "सुट्टीच्या दिवशी या. रिटायर झाल्यावर तं याच लागन कुठीतरी."

"माय, तू काई बोलत काऊन नाईस इले?"

बायनाबाईंनी हाताची माती झटकली. "मी का बोलू? तूच म्हनलं ना सकाळी, दोन घे म्हनून."

कुंता दारातून हसली आणि पटकन आत गेली. प्रफुलनं पिशवी खाली ठेवली, आदळली नाही, ठेवली. मोटारसायकल अंगणाबाहेर काढून त्यानं किक मारली आणि तसाच बसून राहिला. इंजिन चालू होतं. एकदा हॉर्न वाजला. हा हॉर्न सरिताच्या ओळखीचा होता. बाजारात, लग्नात, माहेरच्या दारात, जिथं जिथं ती दोन मिनिटं जास्त रमली तिथं तिथं तो वाजला होता आणि ती पदर सावरत निघाली होती.

तिनं ब्लेडनं पिशवी कापली. मुळांभोवतीचा मातीचा गोळा फुटू न देता खड्ड्यात ठेवला आणि दोन्ही हातांनी माती लोटली. काटा तळहातात शिरला, तो तिनं दातांनी काढला. दुसरा हॉर्न वाजला, या वेळी लांबलचक.

सरिता उठली नाही. माती दाबता दाबता तिनं मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं.

"जाताना फाटक लावून घ्या," ती म्हणाली. "बकऱ्या येते."

प्रफुल बसून राहिला. मग त्यानं इंजिन बंद केलं, खाली उतरला, फाटकाशी आला आणि बाहेरच्या बाजूनं कडी लावली.